चार बोटं खाली गेलेला समुद्र

१

गुरुवारी सकाळी क्रांती तांबेच्या लक्षात आलं, की चार बोटं समुद्र चोरीला गेला आहे.

चोरी तशी नजरेत भरणारी नव्हती. सारंगपाड्याच्या जुन्या धक्क्यासमोर खाडी होती तिथेच होती, होड्या चिखलात तिरक्या पडल्या होत्या आणि बगळे आपापल्या कामाला लागले होते. पण धक्क्याच्या टोकाला पत्र्याची एक खोली आहे. खोली कसली, टेलिफोनच्या बूथपेक्षा जरा ऐसपैस खोकं. त्यात क्रांतीचं यंत्र होतं. एक जाड लोखंडी नळ खाली खाडीत उतरलेला, तळाला बारीक भोकं पाडलेली. बाहेर लाटांनी कितीही धिंगाणा घातला तरी नळातलं पाणी शहाण्यासारखं संथ चढायचं नि उतरायचं. त्या पाण्यावर उभ्या काठाचं एक पितळी तबक तरंगत असे, तबकाची तार वर चाकावरून जाई, आणि तारेला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर भरती-ओहोटीची रेघ काढत राही.

दर गुरुवारी क्रांती धक्क्याच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवर पाणी वाचायची आणि लेखणीशी ताडून बघायची. वर्षभर दोन्ही आकडे जुळत आले होते. आज लेखणी पट्टीपेक्षा चार बोटं कमी दाखवत होती. कागदावरची रेघ कालच्या, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या, संध्याकाळपर्यंत गुळगुळीत होती. सहाच्या जरा पुढे, ऐन ओहोटीला, तिने एकदम एक पायरी खाली उडी मारली होती आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागली होती.

चार बोटांचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. सारंगपाड्याच्या बायकांना विचारा. मोठ्या भरतीला जुना धक्का पाण्याखाली जायचा आणि त्या डोक्यावर मासळीची टोपली घेऊन पोटरीभर पाण्यात उभ्या राहायच्या. त्यांच्यासाठी नवा धक्का व्हायचा होता. तो किती उंच बांधायचा ते वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीवरून ठरणार होतं, आणि ती भरती पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत येते. म्हणजे आज आणि उद्या.

"शनिवारी खात्याचे साहेब येतायत," डॉ. दिनानाथ सबनीस म्हणाले. वाशीच्या सागर अभियांत्रिकी संशोधन केंद्राचे ते संचालक. माणूस सरळ, इतका सरळ की त्यांच्यासमोर खुर्चीही तिरकी ठेवायची कुणाची छाती नव्हती. "त्यांना मी काय सांगू? समुद्र घसरला?"

"सर, चार बोटं मिळवून आकडे देता येतील. फरक तर एकसारखाच आहे."

"कारण न कळता मिळवलेली चार बोटं म्हणजे बनवाबनवी, मिस तांबे. कुणीतरी लेखणी सरकवलीय. खोलीला कुलूप आहे, किल्ल्या दोन आहेत. एक ऑफिसच्या बोर्डावर, एक तुमच्याकडे." त्यांनी चष्मा पुसला. "शनिवारी सकाळपर्यंत कारण मिळालं नाही तर वर्षाची सगळी नोंद रद्द धरावी लागेल. धक्का पुढच्या वर्षावर जाईल. आणि तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात. नोकरी कायम करण्याच्या कागदावर मला सही करता येणार नाही. तोवर यंत्राला कुणी हात लावायचा नाही."

महाडजवळच्या गावातून क्रांती शिकत शिकत इथवर आली होती, आणि आईला दर रविवारी फोनवर सांगत होती, की आता थोडेच दिवस, मग मी पर्मनंट.

बाहेर येऊन तिने बोर्डाकडे पाहिलं. किल्ली खिळ्यावर होती. पण तिच्या दात्यांत ओला चिखल होता.

२

क्रांती वाशीत ज्या सोसायटीत भाड्याने राहत होती, तिथे वरच्या मजल्यावर प्रेमला गुप्ते राहायच्या. सागरी विम्याच्या सर्वेयर म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. बंदरात साखरेची पोती ओली निघाली की कंपनी त्यांना धाडायची. पोत्याला बोट लावून, ते बोट चाटून, हे पाणी समुद्राचं की पावसाचं की कुणी मुद्दाम मारलेल्या नळाचं, ते प्रेमलाबाई सांगायच्या. आयुष्यभर अशा खारट गोष्टी चाटल्यामुळे की काय, त्यांच्या पिशवीत कायम गोड काहीतरी असायचं. आज शंकरपाळे होते.

"रडायचं नाही. रडलीस तर मला तेही चाटून बघावं लागेल," त्या म्हणाल्या. "चल, जागा दाखव."

संध्याकाळी दोघी सारंगपाड्याला पोचल्या तेव्हा पाणी ओसरलं होतं. प्रेमलाबाईंनी खोलीत शिरून आधी लेखणीच्या स्क्रूकडे पाहिलं. त्यावर लाल रंगाचा ठिपका होता.

"हे काय?"

"नेलपॉलिश, मावशी. लेखणी बसवली तेव्हा मीच लावलं. स्क्रू जरा जरी फिरवला तरी त्याला तडा जातो."

"तडा दिसत नाही."

"नाहीच गेलाय. सरांना सांगितलं. ते म्हणाले, नेलपॉलिश कुणीही पुन्हा लावू शकतं. आणि ही शेड माझ्याकडेच आहे."

"म्हणजे तुझा पुरावा तुझ्याच गळ्यात." प्रेमलाबाई हसल्या. मग त्या नळाशी वाकल्या. कमरेच्या उंचीवर नळाला हात जाईल एवढं झाकणाचं दार होतं. ते उघडून त्यांनी टॉर्च मारला. ओहोटीमुळे पाणी खूप खोल गेलं होतं. उजेड तारेवर चमकत होता, खाली नुसता काळोख. दार लावताना त्यांचं बोट दाराच्या कडेवर थांबलं. तिथे कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. सवयीने त्यांनी आपलं बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"धक्क्यावर सगळीकडेच कुंकू आहे, मावशी. काल पूजा झाली ना."

"धक्क्यावर असू दे. हे कुलपाच्या आत आहे."

बाहेर भगवान कोळी जाळं विणत बसले होते. सारंगपाड्याच्या मच्छीमार सोसायटीचे ते अध्यक्ष. गेल्या महिन्यात केंद्रात येऊन ते सगळ्यांदेखत ओरडले होते, की नवा धक्का लवकर झाला नाही तर ते मशीन खाडीत बुडवीन. डॉ. सबनीसांच्या संशयितांत म्हणून क्रांतीखालोखाल त्यांचाच नंबर होता.

"मी बोललो व्हतो, बुडवीन म्हनून," ते मोकळेपणाने म्हणाले. "रागात मानूस बोलतो. पन मशीन बुडवलं तर धक्का कसा व्हनार? आमच्याच बायका पान्यात उभ्या ऱ्हातात."

"काल संध्याकाळी इथे कोण होतं?" प्रेमलाबाईंनी शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला.

"संध्याकालची? कोन नव्हता. पूजा दुपारचीच आटपली, पानी भरलेलं तवा. सोन्याचा नारल सोरला, मंग घरी जाऊन नारलीभात. संध्याकालची आमच्या आलीत नाच चालू व्हता, सगला गाव थयच."

"संध्याकाळी पूजा करत नाही?"

भगवान हसले. "बाय, संध्याकालची पानी खय असतं? चिखलाला नारल कोन देतंय?"

प्रेमलाबाईंचा हात डब्यातच थांबला. त्यांनी एक शंकरपाळा उचलला, पाहिला आणि तसाच परत ठेवला. क्रांतीने त्यांना असं करताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"क्रांती," परतताना त्या म्हणाल्या, "काल ऑफिस सुटल्यावर तुमच्यातला कोण कुठे होता, ते मला उद्या सकाळी ऐकायचंय. एकजण तरी खोटं बोलेल."

३

शुक्रवारी सकाळी प्रेमलाबाई केंद्रात दाखल झाल्या. डॉ. सबनीसांना बाहेरच्या माणसाची लुडबुड पसंत नव्हती, पण बाईंनी एकेकाळी त्यांच्याच एका बुडालेल्या लाटमापक यंत्राचा विमा मंजूर करून दिला होता. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली.

पहिला नंबर स्वानंद दामल्याचा. क्रांतीच्याच वयाचा इंजिनीयर, शर्ट कायम कडक इस्त्रीचा. पाण्याच्या दाबावरून खोली मोजणारं परदेशी यंत्र घ्यावं म्हणून तो वर्षभर सरांच्या मागे लागला होता आणि क्रांतीच्या यंत्राला 'तबला' म्हणायचा. तबला बेसूर ठरला, की त्याच्या यंत्राचा मार्ग मोकळा होणार होता.

"परवा? ऑफिस सुटलं, मी सरळ ऐरोलीला घरी," तो म्हणाला. "आठ वाजेपर्यंत टीव्ही बघत होतो. आईला विचारा हवं तर."

"आईला कशाला त्रास?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "यंत्राची किल्ली तुम्ही शेवटची कधी घेतली?"

"मी त्या तबल्याला हातसुद्धा लावत नाही."

"पूजा वगैरे करता?"

"मॅडम, मी इंजिनीयर आहे." त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि इथे पूजा करणार कोण? सरांनी बंदी घातलीय. हे मशीन बसवलं तेव्हा वामनराव नारळ घेऊन आले होते. सर म्हणाले, प्रयोगशाळेत नारळ फोडायचा नाही, भेळेत घाला."

वामनराव ढोणे हेडक्लार्क. बार्शीकडचे. नवी मुंबईत येऊन त्यांना सहा-सात वर्षं झाली होती, पण समुद्राशी त्यांचा संबंध फक्त टाइप करण्यापुरता. भरती, ओहोटी, लाट, गाळ, सगळे शब्द त्यांनी हजार वेळा बडवले होते आणि एकाशीही त्यांची ओळख नव्हती. किल्ल्यांचा बोर्ड त्यांच्या टेबलामागे होता. क्रांती नवीन आली तेव्हा तिला खोली मिळवून देणारे, डबा नसेल त्या दिवशी आपल्यातली भाकरी पुढे करणारे तेच.

आज ते खालमानेने टाइप करत होते. कागद कसला आहे ते क्रांतीला उलटं वाचूनही कळलं. तिच्या नावाचा मेमो होता.

"परवा किल्ली कुणी नेली, वामनराव?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"कोण नेतंय, कोण ठेवतंय, कुठं ध्यानात राहतंय बघा." त्यांनी नाक ओढलं. "पण या लेकरानं काही केलं नसणार, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. सोन्यासारखं लेकरू आहे हो. मी तर हिच्यासाठी..." ते थांबले आणि टाइपरायटरचा दांडा सर्रकन परत ओढला. "चहा सांगतो."

ते चहा सांगायला गेले. चालताना चटक-फटक आवाज येत होता. क्रांतीला तो ऐकून हसू आलं असतं, एरवी. वामनरावांचे काळे बूट हा केंद्रातला एक मानबिंदू होता, रोज सकाळी पॉलिश केलेले. आज त्यांच्या पायांत रबरी चपला होत्या.

"बूट कुठे गेले?" प्रेमलाबाईंनी हळूच विचारलं.

"पावसात भिजले म्हणाले. कालपासून चपलाच आहेत."

"काल-परवा वाशीत पाऊस पडला?"

क्रांतीने आठवून पाहिलं. ऑगस्ट असूनही चार दिवस कडकडीत ऊन होतं. ती काही बोलणार, एवढ्यात दारात केंद्राचा ड्रायव्हर अंकुश उभा राहिला. त्याला कसली चौकशी चालू आहे ते नुकतंच कळलं होतं.

"मॅडम, एक सांगू का? स्वानंदसाहेब परवा ऐरोलीला नव्हते. संध्याकाळी मी त्यांची स्कूटर सानपाड्याला बघितली. मागं मोठी पिशवी बांधलेली."

४

स्वानंद आधी लाल झाला, मग पांढरा.

"पिशवीत काय होतं?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"पेढे," तो पुटपुटला.

"समुद्राला?"

"मुलीला." त्याने दार लावून घेतलं. "सानपाड्याला बघण्याचा कार्यक्रम होता. गीतांजली नाव तिचं. दोन वेळा नकार आलाय मला, मॅडम. ऑफिसमध्ये कळलं असतं तर चेष्टेला ऊत आला असता. आईने सांगितलं, पक्कं होईपर्यंत कुणाला बोलू नकोस. मी साडेपाच ते साडेआठ तिथेच होतो. तिच्या वडिलांना फोन करा, पण प्लीज, मी सरकारी चौकशीत आहे असं सांगू नका."

"झालं का पक्कं?"

"उद्या कळवणार आहेत. मॅडम, टेन्शन आधीच आहे."

प्रेमलाबाईंनी त्याला डब्यातले सगळे शंकरपाळे दिले. क्रांतीला मात्र हसता येईना. दुपार चढत होती. भगवान सुटले, स्वानंदही सुटला. उरली ती स्वतः.

"मावशी, आता माझ्याशिवाय कुणी राहिलं नाही."

"तुम्ही सगळे लेखणीच्या मागे लागलाय. मला बादली दे."

केंद्राच्या मागच्या बाजूला नळाखाली बादली होती. प्रेमलाबाईंनी पाणी भरलं आणि पिशवीतून जेवणाच्या डब्यातली स्टीलची वाटी काढून पाण्यावर सोडली. वाटी डुलत राहिली. मग त्यांनी वाटीत एक लिंबू ठेवलं. वाटी किंचित खाली गेली आणि तशीच तरंगत राहिली. त्यांनी बादलीत आणखी तांब्याभर पाणी ओतलं. वाटी पाण्याबरोबर वर आली, पण जेवढी दबली होती तेवढीच दबलेली.

"आमच्या धंद्यात जहाजात किती माल भरला हे पोती मोजून बघत नाहीत," त्या म्हणाल्या. "जहाज पाण्यात किती खाली बसलं ते बघतात. जहाज चार बोटं खाली गेलं, तर लगेच चोर शोधायला कुणी धावत नाही. माल चढला एवढंच आम्ही म्हणतो."

क्रांती वाटीकडे बघत राहिली. लेखणीला कुणी हात लावला नव्हता. नेलपॉलिश खरं बोलत होतं. समुद्रही खाली गेला नव्हता.

"तबकात काहीतरी पडलंय," ती म्हणाली. "आणि ते अजून तिथेच आहे."

"आज भरती कितीला?"

"दोनच्या सुमारास. वर्षातली सर्वांत मोठी."

"म्हणजे तेव्हा तबक वर येईल, दारातून हात पोचेल इतकं. सरांना सांग, यंत्राला हात लावायची परवानगी मी मागतेय. स्वानंदला घे. वामनरावांनाही घे." प्रेमलाबाईंनी लिंबू पुसून पिशवीत टाकलं. "आणि भगवानना निरोप दे, की लांब दांड्याची छोटी जाळी घेऊन या. कुणाची नोकरी वाचवायची असेल तर ती जाळीनेच वाचेल."

५

दोन वाजता सारंगपाड्याचा जुना धक्का पाण्याखाली गेला होता. डॉ. सबनीसांनी पँट दुमडली होती, जे त्यांच्या नोकरीत प्रथमच घडत होतं. मासळीची टोपली घेऊन पुतळाबाई होडीची वाट बघत पोटरीभर पाण्यात उभ्या होत्या आणि साहेब लोकांची ही वरात बघून त्यांची चांगलीच करमणूक होत होती.

"सर, तुम्ही लेखणीकडे बघा," प्रेमलाबाई म्हणाल्या. "क्रांती, दार उघड."

क्रांतीने नळाचं दार उघडलं. टॉर्च मारला. आज पाणी हातभर खाली होतं. पितळी तबक संथपणे वर चढत होतं, आणि तबकात, तारेला टेकून, शेंडी वर करून एक नारळ आरामात बसला होता.

भगवानांनी जाळी दारातून आत घातली, हलक्या हाताने नारळ उचलला. त्याच क्षणी तबक वर उसळलं, तार सरकली आणि कागदावरची लेखणी सगळ्यांदेखत चार बोटं वर चढली. क्रांतीने धावत जाऊन खांबावरची पट्टी वाचली.

"जुळलं, सर. पट्टी आणि लेखणी एक आहे."

"परत ठेवा," डॉ. सबनीस म्हणाले. भगवानांनी नारळ तबकात ठेवला. लेखणी चार बोटं खाली. काढला, वर. सरांनी हे तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा कुणालाच गरज नव्हती, पण त्यांना मजा वाटत होती हे लपत नव्हतं.

"म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळपासूनच्या नोंदीत नारळाएवढी चार बोटं मिळवायची. कारण आता हातात आहे," ते म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण हा ठेवला कुणी? कोळ्यांपैकी?"

"कोळी ओहोटीला येत नाहीत," प्रेमलाबाई म्हणाल्या. "रेघ घसरली ऐन ओहोटीला. भगवान म्हणाले, चिखलाला नारळ कोण देतंय? जो समुद्राच्या काठी वाढला नाही, तो देतो. ज्याला पौर्णिमा माहीत आहे पण तिची भरती माहीत नाही. तुम्ही, स्वानंद, क्रांती, तिघांनाही वेळापत्रक तोंडपाठ. शिवाय तबकावर काही पडलं तर काय होईल हेही तुम्हाला कळतं. म्हणजे तो यंत्रातलं कळणारा माणूस नाही. ऑफिस सुटल्यावर आला. बोर्डावरची किल्ली घेतली, आत कुंकू लावलं, आणि चिखलात बूट खराब करून गेला."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली, रबरी चपलांकडे वळल्या.

वामनरावांचा चेहरा इतका गोंधळला होता, की क्रांतीला ते बघवेना. त्यांना अजूनही पुरतं उमगलं नव्हतं.

"मी?" ते म्हणाले. "साहेब, मी बिघडवायला नाही आलो हो. मशीन बसवलं तेव्हा नारळ झाला नाही, ते माझ्या मनाला लागून राहिलं होतं. त्यात या लेकराची नोकरी या मशीनवर. पौर्णिमा आली, म्हटलं समुद्राला देऊ, मशीनला कुंकू लावू, कुणाला कळतंय. तर इथं आलो आणि समुद्रच नाही. नुसता चिखल. जरा पुढं गेलो तर घोट्यापर्यंत रुतलो. दुसऱ्या दिवशी दिला तर पौर्णिमा उलटते. मग ध्यानात आलं, टायपिंगमध्ये लिहिलेलं आहे, नळात समुद्राचं पाणी कायम असतं. म्हणून त्यात सोडला." त्यांनी घाम पुसला. "आवाज मात्र डुबुक असा आला नाही. टण्ण असा आला. मला वाटलं, खोल आहे, तसंच वाजत असेल."

स्वानंद आधी हसला. मग भगवान, मग पुतळाबाई, आणि शेवटी खुद्द डॉ. सबनीस पोटरीभर पाण्यात उभे राहून इतके हसले, की त्यांचा चष्मा क्रांतीला झेलावा लागला.

एकटी क्रांती हसली नाही. या शहरात दोन वर्षं ती एकटीच आपल्या नोकरीची काळजी वाहतेय असं तिला वाटत होतं. तिच्या घरी पौर्णिमेला बुद्धवंदना व्हायची आणि खीर, नारळाची रीत नव्हती. आणि हा माणूस तिच्यासाठी पॉलिश केलेल्या बुटांनिशी चिखलात उतरला होता, आणि त्यापायी तिच्याच नावाचा मेमो टाइप करत रडत बसला होता. तिचे डोळे भरून आले.

"काका," ती म्हणाली, "आईला सांगेन मी रविवारी. इथे माझं कुणीतरी आहे म्हणून."

वामनरावांनी खिशातून घडी केलेला मेमो काढला, सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. मेमोचे चार तुकडे झाले आणि पुतळाबाईंनी ते टोपलीत घेतले, पाण्यात कचरा नको म्हणून.

"अहवालात कारण काय लिहू, सर?" क्रांतीने विचारलं.

"तबकावर बाह्य भार," डॉ. सबनीस म्हणाले. "आणि तो भार आज चहाबरोबर फोडा. प्रयोगशाळेत नाही. व्हरांड्यात."

खोबरं चांगलं गोड निघालं. स्वानंदने त्यातला एक तुकडा कागदात बांधून सानपाड्याला नेला, आणि गीतांजलीचा होकार त्या तुकड्यामुळे आला असं वामनराव अजून मानतात.

नवा धक्का दोन वर्षांनी बांधून झाला. त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरची भरती अफाट आली, वाऱ्याने पाणी आणखी फुगवलं. सारंगपाड्याच्या बायका टोपल्या घेऊन धक्क्यावर कोरड्या पायांनी उभ्या होत्या. क्रांतीने वाकून पाहिलं. पाणी धक्क्याच्या कडेपासून चार बोटं खाली थांबलं होतं.

तिच्या शेजारी वामनराव उभे होते. बूट चकचकीत, हातात पौर्णिमेचा राहून गेलेला नारळ. साहेबांच्या कामामुळे आदल्या दिवशी त्यांना येता आलं नव्हतं. पण या खेपेला घरून निघताना त्यांनी क्रांतीला फोन करून भरतीची वेळ विचारून घेतली होती. त्यांनी डोळे मिटले, नारळ पाण्यात सोडला आणि कान देऊन ऐकलं.

डुबुक, असा आवाज आला.